शिवाजी म्हणतो, ‘स्टँड अप!’ : इंग्रजीच्या तासातल्या खेळांची गोष्ट

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली अडखळ आणि पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.)



आजचा विषय मला एका ताईंच्या पत्राने दिला. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत बसते, पट साधारण चाळीसचा. शाळेचं नाव घेऊ नका म्हणाल्यात, म्हणून घेत नाही. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. प्रशिक्षणाला गेलं की सांगतात, इंग्रजी खेळातून शिकवा. त्या खेळ घेतात. मुलं खूश असतात, वर्गात गलका होतो. मग एखादे पालक खिडकीशी येऊन उभे राहतात आणि विचारतात, बाई, खेळायला घर आहे की, शिकवता कधी? ताईंना त्याचा राग आला नाही. त्यांना खुपलं ते वेगळंच.

त्या वर्गात ‘शिवाजी म्हणतो’ घेत होत्या. हा खेळ आपण सगळेच खेळलोय. ‘शिवाजी म्हणतो, उठा’ म्हटलं की उठायचं. नुसतं ‘बसा’ म्हटलं आणि तुम्ही बसलात, की बाद. ताईंनी त्याचं इंग्रजी केलं : ‘शिवाजी सेज, स्टँड अप.’ सगळा वर्ग उभा. ‘शिवाजी सेज, टच युवर नोज.’ चाळीस बोटं चाळीस नाकांवर. पण मागच्या रांगेतली एक मुलगी दर वेळी किंचित उशिरा हात उचलत होती. आधी शेजारणीकडे बघायची, मग करायची. ती एकदाही बाद झाली नाही. शेवटपर्यंत टिकली, टाळ्या मिळाल्या. खेळ संपल्यावर ताईंनी तिला जवळ बोलावून हळूच म्हटलं, ‘टच युवर नोज.’ मुलगी गप्प. काही कळलंच नव्हतं तिला.

ताईंचा प्रश्न असा, की या मुलीला त्या अर्ध्या तासात मी काय दिलं?

प्रश्न एका वर्गातला आहे, पण त्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. भाषेच्या तासात खेळ आला कुठून, कुणी आणला, कशासाठी आणला, आणि कुठे तो नुसताच गलका होऊन राहिला, ते आज बघू. शेवटी ताईंच्या मुलीकडे परत येऊ.

गिरणी पाहून आलेला पोरगा

सुरुवात फ्रान्समधल्या एका मास्तरापासून करतो. नाव फ्रांस्वा ग्वँ. लॅटिन शिकवायचा. एकोणिसाव्या शतकात हा गृहस्थ जर्मन शिकायला म्हणून हँबर्गला गेला. आता लॅटिनचा मास्तर म्हटल्यावर भाषा शिकायची रीत त्याला एकच ठाऊक. त्याने व्याकरणाचं पुस्तक घेतलं आणि खोलीचं दार लावून पाठांतर सुरू केलं. २४८ अनियमित क्रियापदं त्याने थोड्याच दिवसांत घोकून टाकली. मग ऐटीत व्याख्यान ऐकायला गेला, तर एक शब्द कळेना. परत खोलीत. या वेळी धातू पाठ केले. पुन्हा बाहेर आला, पुन्हा तेच. शेवटी त्याने अख्खा शब्दकोश पाठ करायला घेतला, तीसेक हजार शब्द! डोळ्यांवर परिणाम व्हायची वेळ आली. जर्मन काही बोलता येईना. हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, स्वतःच्या फजितीसकट.

हात हलवत घरी आला, तर तीन वर्षांचा भाचा घडाघडा बोलत होता. हा गेला तेव्हा त्या पोराला धड बोलता येत नव्हतं. म्हणजे मामाला जे जमलं नाही, ते भाच्याने घरबसल्या केलं होतं.

एक दिवस हा पोरगा पिठाची गिरणी बघून आला. आला तो आधी थोडा वेळ गप्पच. मग भेटेल त्याला गिरणीची गोष्ट सांगत सुटला. आणि मग त्याने मामाकडून छोट्या छोट्या पिशव्या आणि एक खेळण्यातली गिरणी करवून घेतली. पिशव्यांत वाळू भरली. पोतं उचललं, वाहून नेलं, ओतलं, दळलं. जे करत होता ते तोंडाने बोलतही होता. एका क्रियेमागून दुसरी क्रिया, एका वाक्यामागून दुसरं वाक्य.

ग्वँला तिथे उजाडलं. त्याने वर्गासाठी क्रियांच्या मालिका तयार केल्या : मी दाराकडे जातो, मी दाराजवळ पोचतो, मी कडी धरतो, मी दार उघडतो. १८८० साली त्याचं पुस्तक आलं, बारा वर्षांनी त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि युरोपात त्याची बरीच चर्चा झाली.

पण एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तो पोरगा बोलत होता, कारण त्याला गिरणी चालवायची होती. ग्वँच्या वर्गातली मुलं बोलत होती, कारण मास्तरांनी वाक्यं नेमून दिली होती. दाराकडे जाऊन दार उघडायची गरज वर्गात कुणालाच नव्हती.

इकडे आपल्याकडे

त्या काळात मराठी मुलाचा इंग्रजीचा तास कसा होता? एका शब्दात सांगायचं तर भाषांतर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तुमच्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत असेल. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा, स्पेलिंगं पाठ करा. या पद्धतीला आज नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या वाटेने गेलेल्या किती तरी माणसांनी उत्तम इंग्रजी लिहिलं, कोर्टकचेऱ्या चालवल्या, वर्तमानपत्रं काढली. बोलताना मात्र त्यातल्या पुष्कळांची जीभ अडायची. लिहायला शिकवलं होतं, लिहिता आलं. बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता गंमत ऐका. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पी. सी. रेन नावाचा एक इंग्रज होता. ओळखीचं वाटलं ना नाव? तोच तो, ‘रेन अँड मार्टिन’मधला रेन. ज्याच्या व्याकरणाने आपल्या कित्येक पिढ्यांची दहावीआधीची उन्हाळी सुट्टी खाल्ली. याच रेनने व्याकरणाच्या आधी भारतीय शाळांत इंग्रजी ‘डायरेक्ट’ पद्धतीने कसं शिकवावं, यावर एक पुस्तक लिहिलं होतं. डायरेक्ट म्हणजे मधे मातृभाषा न आणता, वस्तू दाखवून, कृती करून, सरळ इंग्रजीतून. ते पुस्तक आज कुणाला आठवत नाही. व्याकरणाचं मात्र अजून दुकानात मिळतं. परीक्षेला जे येतं तेच टिकतं, दुसरं काय!

तोक्योतली आज्ञा

‘शिवाजी म्हणतो’ला शास्त्राचं रूप मिळालं ते जपानमध्ये. हॅरल्ड पामर हा इंग्रज भाषाशिक्षक १९२२ साली जपान सरकारच्या शिक्षण खात्याचा सल्लागार म्हणून तोक्योला गेला आणि १९३६ पर्यंत तिथे राहिला. जपानी शाळांतही तेव्हा आपल्यासारखंच होतं : भरगच्च वर्ग, भाषांतर, आणि डोक्यावर परीक्षा. पामर म्हणायचा, मूल आधी कित्येक महिने नुसतं ऐकतं, मग बोलतं. मग वर्गात आल्या आल्या त्याला बोलायला का लावायचं? आधी कान तयार होऊ द्या.

त्यासाठी त्याने आज्ञांचा सराव बसवला. शिक्षकाने म्हणायचं, उभे राहा, दाराकडे जा, पुस्तक उचला, शेजाऱ्याला द्या. मुलांनी तोंड उघडायचं नाही, फक्त करायचं. १९२५ साली त्याने आपल्या मुलीबरोबर, दोरोतेबरोबर, अशा कृतिपाठांचं एक जाडजूड पुस्तकच काढलं.

पुढे १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने याच गोष्टीचे प्रयोग केले. अमेरिकन विद्यार्थ्यांना जपानी आणि रशियन भाषेतल्या आज्ञा ऐकवल्या. काहींनी त्याप्रमाणे उठून कृती केली, काहींनी बसून नुसतं बघितलं. ज्यांनी स्वतः केलं, त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. अ‍ॅशरने याला नाव दिलं ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’. आज आपल्याकडच्या प्रशिक्षणांत टीपीआर म्हणतात ते हेच.

म्हणजे ताई ज्या खेळाला साधा पोरखेळ समजत होत्या, त्याच्यामागे पामर आहे, अ‍ॅशर आहे. पण मग ती मागच्या रांगेतली मुलगी? ती तर हात-पाय हलवत होती की!

हलवत होती, पण शेजारणीकडे बघून. तिला आज्ञा शेजारणीच्या हाताकडून मिळत होती. इंग्रजी तिच्या कानांवरून वाहून जात होतं आणि तरी तिचं काही अडत नव्हतं. मंडळी, हा ‘अडणं’ शब्द धरून ठेवा. आजच्या भागाचा सगळा जीव त्यात आहे. खेळात मुलाचं भाषेवाचून अडलं पाहिजे. अडलं नाही, तर खेळ कितीही रंगला तरी भाषा त्यातून निसटते.

आज्ञांच्या खेळाची आणखी एक मर्यादा आहे. त्यात बोलतो फक्त एकच जण, शिक्षक. मुलाला समजलं तरी त्याला काही म्हणायची वेळच येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे हे ठीक आहे. कायम तसंच राहिलं तर चाळीस मुलं इंग्रजीत फक्त हुकूम पाळायला शिकतील.

धिस इज अ पेन

स्वातंत्र्य मिळालं. मुंबई राज्यात इंग्रजी मागे सरकलं, आठवीपासून सुरू व्हायला लागलं. आजचे पंचाहत्तरी ओलांडलेले लोक सांगतात ना, आमच्या वेळी एबीसीडी आठवीत, ते यामुळे. पुढे ते पाचवीवर आलं. याच काळात, म्हणजे १९५०च्या दशकात, देशात एक नवी लाट आली. स्ट्रक्चरल अप्रोच. डीएडच्या पुस्तकात ‘संरचना पद्धती’. १९५८ साली हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली, तिथून आणि राज्याराज्यांतल्या संस्थांमधून शिक्षक ही पद्धत शिकून यायचे.

कल्पना साधी होती. इंग्रजी वाक्यांचे ठरावीक साचे काढायचे, सोप्याकडून अवघडाकडे लावायचे, आणि एकेक साचा प्रसंग दाखवून, तोंडी सराव करून पक्का करायचा. ‘धिस इज अ पेन. दॅट इज अ डोअर.’ गुरुजी चालत चालत म्हणायचे, ‘आय अ‍ॅम वॉकिंग.’ सगळा वर्ग एका सुरात, ‘ही इज वॉकिंग!’

अशा सरावाचा कंटाळा येणारच. तो घालवायला खेळ आले. दोन गट पाडा, गुण द्या, फळ्यावर पळत जाऊन शब्द लिहा, चित्राचं कार्ड दाखवलं की पटकन वाक्य म्हणा. भाषेच्या खेळांची स्वतंत्र पुस्तकं शिक्षकांच्या हातात यायला लागली. डब्ल्यू. आर. ली यांचं १९६५चं पुस्तक त्यातलं गाजलेलं.

पण यातल्या बऱ्याचशा खेळांत खेळ हा गुळासारखा होता आणि आत गोळी तीच, सराव. मुलगा पेन हातात धरून उभा आहे, सगळ्यांना ते दिसतंय, आणि त्याला विचारायचं, ‘व्हॉट इज धिस?’ उत्तर विचारणाऱ्यालाही माहीत, सांगणाऱ्यालाही माहीत, बघणाऱ्यालाही माहीत. घरात आईने असा प्रश्न विचारला तर आपण म्हणू, आई, बरी आहेस ना?

आता त्या काळावर अन्याय नको. त्यातही एक खेळ वेगळा होता : पिशवीत वस्तू लपवायची आणि मुलांनी ओळखायचं. ‘इज इट अ पेन?’ ‘नो.’ ‘इज इट अ बॉल?’ इथे एकाला माहीत आहे आणि बाकीच्यांना नाही. ‘ओळखा पाहू’च की हा! साचा तोच, ‘इज इट अ’. पण आता त्या प्रश्नावाचून मुलांचं अडलंय. म्हणून या खेळात मागच्या रांगेतला हातसुद्धा वर येतो.

बंगळूरचा वर्ग

हे जे अडणं आहे, त्याच्यावर अख्खा अभ्यासक्रम उभा करायचा प्रयत्न जगात ज्या थोड्या ठिकाणी झाला, त्यातलं एक ठिकाण आपल्या शेजारचं आहे. बंगळूर. आणि करणारा माणूसही इथलाच, एन. एस. प्रभू.

प्रभू तेव्हा ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात इंग्रजी अध्यापनाचं काम बघायचे. त्यांच्यासमोर अडचण अशी होती. वीसेक वर्षं शाळा साचे शिकवत होत्या. मुलं वर्गात साचा बरोबर म्हणायची आणि वर्गाबाहेर तोच चुकायची. जास्त सराव द्या, हा नेहमीचा उपाय. प्रभूंना वाटलं, उलटं करून बघू. मुलांचं लक्ष साच्यावरून काढून घेऊ आणि अर्थावर लावू. डोकं एखाद्या कोड्यात गुंतलं, आणि ते कोडं इंग्रजीतून सुटत असलं, तर व्याकरण आपोआप आत उतरेल का?

१९७९ ते १९८४ अशी पाच वर्षं हा प्रकल्प चालला. बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या आधाराने, दक्षिणेतल्या साध्या शाळांत. एकूण आठ वर्ग, अठरा शिक्षक, ८ ते १५ वयाची ३९० मुलं. आणि साहित्य काय? खडू, फळा, कागद, पेन्सिल. बस्स. रंगीत कार्डं नाहीत, टेपरेकॉर्डर नाही. हे मुद्दाम होतं. जे सगळ्या शाळांत असतं तेवढ्यावरच चाललं पाहिजे, ही अट.

तासाला व्हायचं काय? समजा फळ्यावर रेल्वेचं वेळापत्रक आहे. शिक्षक सगळ्या वर्गाला विचारत जातात : ही गाडी किती वाजता सुटते? पोचते कधी? प्रवासाला किती तास लागले? अमक्याला दुपारी बाराच्या आत पोचायचंय, त्याने कुठली गाडी धरावी? मुलं तोडक्यामोडक्या इंग्रजीत, कधी एका शब्दात उत्तर देतात. चालतं. शिक्षक तेच नीट वाक्यात म्हणतात आणि पुढे जातात. हा झाला पूर्वतयारीचा भाग. मग तसंच, पण नवं कोडं प्रत्येकाला कागदावर, एकट्याने सोडवायला. तपासताना बघायचं एकच, उत्तर बरोबर आलं का. गाडी बरोबर निवडली असेल तर गुण.

कधी नकाशा, कधी वर्गांच्या वेळापत्रकांवरून एका शिक्षकाचं वेळापत्रक काढणं. यातून प्रभूंनी कामांचे तीन प्रकार सांगितले, जे आज जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात शिकवले जातात. एक, माहितीची फट : माझ्याकडे आहे ते तुझ्याकडे नाही. दोन, तर्काची फट : दिलेल्या माहितीतून नवं काही शोधून काढायचं. तीन, मताची फट : तुला काय वाटतं ते सांग. यांतला तर्काचा प्रकार त्यांना मुलांसाठी सगळ्यांत उपयोगी वाटला. कारण माहिती नुसती इकडून तिकडे पोचवली की काम संपतं. तर्कात मात्र मूल रेंगाळतं, परत वाचतं, परत विचारतं. आणि मत सांगायला जास्त भाषा लागते, ती या मुलांकडे अजून नव्हती.

दोन गोष्टी ऐकून आजच्या शिक्षकांना आश्चर्य वाटेल. एक म्हणजे प्रभूंनी गटकामावर भर दिला नाही. मुलं मुलांशी बोलताना अर्धवट इंग्रजीच एकमेकांना देतील किंवा मातृभाषेवर येतील, त्यापेक्षा सुरुवातीला शिक्षकाचं इंग्रजी जास्त कानांवर पडू दे, असं त्यांचं म्हणणं. दुसरं, काम फार सोपंही नको आणि फार अवघडही नको, याचं त्यांचं माप अगदी गावठी तराजूसारखं होतं : साधारण निम्म्या मुलांना साधारण निम्मं काम जमलं, की काम योग्य.

निकाल काय लागला?

१९८४ मध्ये बाहेरच्या दोन अभ्यासकांनी, बेरेटा आणि डेव्हिस यांनी, मुलांची परीक्षा घेतली. प्रकल्पातले वर्ग आणि त्याच शाळांतले नेहमीच्या पद्धतीचे वर्ग, दोन्ही. साच्यांच्या परीक्षेत साच्यांनी शिकलेली मुलं पुढे. कोड्यांच्या परीक्षेत प्रकल्पाची मुलं पुढे. यात नवल नाही, ज्याचा सराव त्यात हात. पण ज्या परीक्षा कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या, त्यांत एकूण माप प्रकल्पाकडे झुकलं. ज्यांना व्याकरण म्हणून कधी शिकवलंच नव्हतं, ती मुलं व्याकरणात मागे पडली नव्हती. तपासणाऱ्यांनी निष्कर्ष जपूनच मांडला, शाळा थोड्या होत्या. पण कौल बरा होता.

मग ही पद्धत देशभर का गेली नाही? इथे मला ताईंची आठवण होते. पुढे बेरेटांनी शिक्षकांकडे बघितलं. प्रकल्पात काही शिक्षक प्रशिक्षण संस्थांमधले तज्ज्ञ होते आणि काही शाळेतले नेहमीचे. तज्ज्ञांनी पद्धत पेलली. नेहमीच्या शिक्षकांपैकी बऱ्याच जणांना ती पूर्णपणे झेपली नाही. कारण कळायला सोपं आहे. साचा शिकवताना आज कुठलं वाक्य बोलायचं, हे शिक्षकाला आधीच ठाऊक असतं. कोड्याच्या तासाला मूल काय म्हणेल ते सांगता येत नाही, आणि त्याला तिथल्या तिथे इंग्रजीत उत्तर द्यावं लागतं. ज्याचं स्वतःचं इंग्रजी वर्षानुवर्षं साच्यात राहिलंय, त्याला हे भीतीचं वाटणारच.

प्रभूंचं पुस्तक १९८७ साली ऑक्सफर्डने काढलं. ते स्वतः पुढे सिंगापूरच्या विद्यापीठात शिकवायला गेले. आज जगात ‘टास्क-बेस्ड’ शिक्षणाचा इतिहास लिहायचा म्हटलं की सुरुवातीच्या पानांवर बंगळूर येतं. आपल्या डीएडच्या वर्गात मात्र ते परदेशी पद्धत म्हणून शिकवलं जातं, याला काय म्हणावं!

आणि मग २०००

महाराष्ट्रात २०००-०१ या वर्षापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. तेव्हाचा वाद आठवत असेल. एक बाजू म्हणाली, मातृभाषा पक्की व्हायच्या आत दुसरी भाषा नको. दुसरी म्हणाली, श्रीमंताच्या पोराला पहिलीपासून मिळतं, मग गरिबाच्या पोराला का नाही? दोन्ही बाजूंना मुलांची काळजी होती.

पहिलीच्या मुलाला व्याकरण देता येत नाही. म्हणून गाणी, बडबडगीतं, चित्रं, खेळ आले. धोरण म्हणून ते बरोबरच होतं. पण ज्या शिक्षकांवर हे काम पडलं, त्यांतले बहुतेक स्वतः पाचवीपासून किंवा आठवीपासून इंग्रजी शिकलेले, तेही साच्यांतून आणि भाषांतरातून. त्यांना गाणी दिली, खेळांची यादी दिली. खेळ का चालतो आणि कधी चालत नाही, हे मात्र फार थोड्यांपर्यंत पोचलं. मग हावभावांसकट इंग्रजी गाणं अख्खं पाठ, आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला तर माहीत नाही, अशी मुलं दिसायला लागली. ताईंची मुलगी त्यांतलीच.

तर ताई, तुमच्या वर्गात

आता तुमच्याकडे येतो. पहिली गोष्ट, खेळ सोडू नका. दुसरी, प्रत्येक खेळाला एकच प्रश्न विचारा : यात इंग्रजी कळलं नाही तर मुलाचं अडतं का?

‘शिवाजी म्हणतो’ घ्याच, पण मुलांना डोळे मिटायला सांगा. एवढंच. शेजारीण दिसेनाशी झाली की कान उघडतात. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, निम्मी मुलं चुकतील. प्रभूंचं माप आठवा, निम्म्यांना निम्मं जमलं तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. मात्र चुकणाऱ्याला बाद करू नका. ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, तोच खेळाबाहेर बसला तर काय उपयोग?

चार दिवसांनी बाजाराचा खेळ घ्या. फळ्यावर पाच फळांची चित्रं काढा. किमती तुमच्या हातातल्या कागदावर, मुलांना दिसणार नाहीत अशा. मुलांनी विचारायचं, ‘बनाना, हाऊ मच?’ तुम्ही सांगायचं, ‘टेन रुपीज.’ त्यांनी वहीत लिहायचं. मग कोडं घाला : माझ्याकडे पन्नास रुपये आहेत, मी काय काय घेऊ शकते? इथे माहितीची फट आहे आणि तर्काचीही. गणिताचा सराव वरकड. खर्च शून्य. आणि तुम्हाला बोलायला लागणारी वाक्यं मोजकी, ती आदल्या रात्री म्हणून बघता येतील. स्वतःच्या इंग्रजीची धाकधूक वाटत असेल तर सुरुवात अशाच खेळांनी करा, जिथे तुमची वाक्यं ठरलेली आणि मुलांची उत्तरं छोटी. हळूहळू सैल सोडा.

जोड्या पाडायच्या असतील तर एकाला चित्र द्या, दुसऱ्याला कोरा कागद. पाठीला पाठ लावून बसवा. ‘बिग सर्कल. टू आईज. स्मॉल नोज.’ शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले की वर्ग हसून लोळेल, आणि कुठला शब्द नीट पोचला नाही ते मुलांनाच दिसेल. मधे मराठी आलं तर रागावू नका. पण जे चित्रात उतरायला हवं ते इंग्रजीतून गेलं पाहिजे, एवढा नियम ठेवा.

आणि खिडकीतल्या त्या पालकांना आत बोलवा. किमतीचा कागद त्यांच्या हातात द्या आणि मुलांना त्यांच्याकडून किमती काढायला लावा. शिकवता कधी, हा प्रश्न ते परत विचारतील असं मला वाटत नाही.

राहिली ती मागच्या रांगेतली मुलगी. तिला एक दिवस पुढे उभी करा आणि शिवाजी होऊ द्या. आज्ञा तिने द्यायच्या, वर्गाने पाळायच्या. तिथे शेजारीण नसते, बघायला कुणी नसतं. तिला दोनच शब्द आले तरी चालतील. ‘सिट’ आणि ‘स्टँड’. पण त्या दोन शब्दांनी चाळीस जणं उठतात आणि बसतात, हे तिला एकदा दिसू द्या. त्यानंतर ती तिसरा शब्द कुठून आणते, ते मला नक्की कळवा. पत्राची वाट बघतोय.

तुमच्या शाळेत इंग्रजीचा कुठला खेळ होता, तो खरंच खेळ होता की गुळातली गोळी, तेही लिहून पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.